डाव्या बाजूचा स्पीकर

प्रिय भिंगरी,

एकाच क्लबात साउंड सांभाळणाऱ्या मावशीनं भाचीला पत्र लिहायचं म्हणजे चेष्टाच, पण फोन मुद्दामच केला नाही. तुझा नवरा तो स्पीकरवर घ्यायला लावतो आणि वरून मधाळ आवाजात विचारतो, मावशी, जेवलात का. म्हणून हे पत्र दारावरच्या पैलवानाच्या हाती देते आहे. वाचून झालं की त्याच्याकडेच परत दे, घरी नेऊ नकोस.

आपलं भांडण तू कामाला लागलीस त्या दिवसापासूनचं. मी म्हणायचे, नाचायच्या जागी मोनोच हवा. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून एकच, पुरा आवाज. कुणी बारपाशी उभा असो की संडासाच्या दाराशी, त्याला अख्खं गाणं मिळालं पाहिजे. तू नाक मुरडायचीस. तुला स्टिरिओ हवा, डावीकडून एक, उजवीकडून दुसरं, आवाज डोक्यावरून फिरत गेला पाहिजे. मोनो म्हणजे बिनमिठाचं जेवण, असं चारचौघांत म्हणायचीस आणि मला गप्प बसवायचीस.

बाटल्यांच्या मारामारीनंतरही तू हटली नाहीस. त्या दिवशी तू गायिकेचा आवाज सगळा डावीकडे लोटलास आणि ड्रम उजवीकडे. डावी बाजू गात होती, उजवी बाजू ओरडत होती, गाणं कुठाय म्हणून. डावीकडच्या एकानं उजवीकडच्याला गप्प बस म्हणत कानशिलात दिली, आणि मग काय विचारतेस. पैलवानाचे पुढचे दात गेले, एकाची भुवई हाडापर्यंत उघडली, एक जण दुसऱ्याच्या छातीवर बसून खुर्चीच्या पायानं ठोकत होता. फरशी फिनेलनं धुतली तरी माझे बूट रक्तानं चिकटत होते. मी म्हटलं, आता तरी? तर तू कपाळाला बर्फ लावून म्हणालीस, पब्लिकच माजोरडं आहे, स्टिरिओनं काय घोडं मारलंय. मला राग आला आणि हसूही आलं. हट्टाला पेटलीस की तू अगदी माझ्यावर जातेस.

माझं मोनोचं वेड कुठून आलं ते तुला कधी सांगितलं नाही. डावा कान शिडीवरून पडून गेला, असं सगळ्यांना सांगत आले. शिडी नव्हती गं, माझा नवरा होता, तुझे काका. दार उघडायला उशीर झाला म्हणून सणसणीत ठेवून दिली. समोरासमोर उभं राहून उजव्या हातानं मारलं की फटका आपल्या डाव्या कानावर बसतो. आधी शिट्टी वाजली, मग काहीच नाही. संध्याकाळी मलम आणलं, ढसाढसा रडला, आणि पुढच्या आठवड्यात माझं डोकं भिंतीवर आपटलं. शेवटी मी माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज एकाच कानानं ऐकला, पण नीट ऐकला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण कान गेला तेव्हापासून स्टिरिओ गाणं माझ्यापर्यंत अर्धंच पोचतं, एवढंच.

काल दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तू आवाज तपासायला उभी राहिलीस, आणि डाव्या बाजूचा स्पीकर मेलाय म्हणून मेकॅनिकवर खेकसलीस. त्या बिचाऱ्यानं तो उघडून पाहिला. स्पीकर ठणठणीत होता. मी त्याच्या पुढ्यातच उभी होते, माझी छाती दणाणत होती. तू हेडफोन उलटा घातलास, मग पुन्हा सुलटा. डाव्या बाजूला केस मोकळे सोडले होतेस, एरवी मानेवर एक केस तुला खपत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, “मावशी, आजपासून मोनो कर.” इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. बटण फिरवलं, पण नजर तुझ्या त्या मोकळ्या केसांवरच होती.

तुझ्या नवऱ्याचे हात मोडावेत असं मला फार वाटतंय, पैलवान तर एका पायावर तयार आहे. पण ते राहू दे, आधी कान. वेळेवर दाखवला तर वाचू शकतो, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता, कारण मी शिडीचंच धरून बसले होते. उद्या सकाळी तो कामावर गेला की मी गाडी घेऊन तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी असेन. अंगावरच्या कपड्यांनिशी ये. परत घरी जायचं की नाही ते तू ठरव, त्यावर मी तोंडातून शब्द काढणार नाही. दवाखान्यात काय सांगायचं याचीही धास्ती घेऊ नकोस, मी आत येईन. आणि गाडीत मला काही सांगायचा प्रयत्न करू नकोस. मी चालवत असेन, माझा मेलेला कान तुझ्याकडे असेल, मला ऐकू येणार नाही. तुझा चांगला कान माझ्याकडे असेल. वाटेत मीच बोलेन.

तुझीच,
मावशी