आवाजाला फोटो दिसत नाही

अप्पा,

तुमचा आवाज अजून रोज सकाळी मुरुम गावात बातम्या वाचतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी. आपलं साप्ताहिक छापणं परवडेना, जाहिरातवाले म्हणायला लागले, "ताई, पेपर कोण वाचतंय आता, मोबाईलवर टाका." टाकलं. वर्षाची वर्गणी ठेवली, तर कुणी फिरकेना. फुकट मिळतं ते विकत कोण घेतंय? शेवटी तुमच्या कॅसेटी काढल्या. बाजाराच्या दिवशी ऑफिसच्या ओट्यावर भोंगा लावून तुम्ही ठळक बातम्या वाचायचात आणि मी शेजारी टेप धरून बसायची, त्या कॅसेटी. संगणकाला ऐकवल्या आणि तो तुमच्यासारखा बोलायला लागला. तुरीचा भाव, नळाच्या पाण्याची पाळी, निधनवार्ता. पहिल्याच सकाळी किराणा दुकानदाराचा फोन आला, "अप्पा बोलल्यावानी वाटलं बगा, अंगावर काटा आला. वर्गणी कुठं भरायची?" पुण्या-हैदराबादला गेलेली पोरंही वर्गणीदार झाली. साप्ताहिक तगलं. मला मात्र तो आवाज ऐकताना दाराकडं पाठ करून बसवत नाही.

तुम्ही जेवताय आणि मी ऐकीव निधनवार्ता लिहून तुमच्यापुढं धरलीय, तो दिवस आठवतो. तुम्ही ताट बाजूला सारता. "दारात जाऊन आलीस का, पोरी? माणूस गेल्याची खबर दारात जाऊन आल्याबिगर छापायची न्हाय." रडत गेले होते मी त्या घरी. आता खबर पैशासकट फोनवर येते, दारात कोण जातंय?

मागच्या महिन्यात पुण्याहून एका मुलानं आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात पाठवली. आपली जुनीच पद्धत: वर आईचा फोटो, त्यातच तिचं नाव, खाली 'भावपूर्ण आदरांजली' आणि 'शोकाकुल'मध्ये पहिलं नाव वडिलांचं. छापील पेपरात फोटो बघून कळायचं कोण गेलंय. आवाजाला फोटो दिसत नाही. मी न बघता मजकूर पुढं ढकलला, संगणकानं हाताला लागलं ते पहिलं नाव उचललं, आणि तुम्ही तुमच्या त्या संथ सुरात चालत्याबोलत्या म्हाताऱ्याचं निधन वाचून दाखवलंत.

त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, मामा सकाळधरनं पाण्याचा घोट घेईनात. तुमी याच." धावत गेले. भिंतीला टेकून, मांडी घालून, कपाळभर विभूती लावून ते डोळे मिटून बसले होते. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात ना, अगदी तसे. मी हात धरला, तो गार होता. "काका, चूक माझी आहे. ते मशीन बोलतंय, अप्पा नाहीत."

डोळे न उघडता ते म्हणाले, "लेकी, मशीन असंल. पर आवाज अप्पांचा हाय. त्येंनी आजवर गेल्याबिगर कुणाचं नाव घेतलं न्हाय. माझं घेतलंय म्हंजी झालंच की."

सून रडली, मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, मी हात जोडले. जिवंत माणसांपैकी कुणावरच त्यांचा इतबार नव्हता. मग त्यांच्याच उंबऱ्यावर बसून मी फोनवर मजकूर लिहिला आणि तुम्हाला वाचायला दिला. उभ्या आयुष्यात तुम्ही कधी दुरुस्ती छापली नव्हती. "खबर गलत होती. माझी चूक झाली. तुम्ही हयात आहात, उठा, जेवून घ्या." त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग डोळे उघडले आणि सुनेकडं ताक मागितलं. घरात सगळे हसले. मला तुमची भयंकर भीती वाटली, अप्पा, आणि रागही आला, की तुम्ही मेल्यावरही गावात माझ्यापेक्षा खरे.

आता निधनवार्ता मी दारात जाऊन येऊन माझ्या आवाजात वाचते. वर्गणीदार कुरकुरतात, काही सुटलेही. सुटू देत.

हे पत्र त्या आवाजाला वाचायला देणार नाही. तो पुढं काहीतरी बोलेल असं वाटतं. पण एक सांगते. ती दुरुस्ती मी पुसलेली नाही. काल दुपारी त्यातलं 'तुम्ही' काढून तुमचं नाव घातलं. खबर गलत होती, अप्पा हयात आहेत. तुमच्याच तोंडून ऐकलं, आणि उठून दोघांचा भात टाकला.