फुकट कोर्सची कसून तपासणी

सोमवार, ४ मार्च

बसस्टॉपवर नवा बोर्ड लागलाय. प्रौढांसाठी मोफत रोजगार प्रशिक्षण. वय अठराच्या वर, बाकी अट नाही. काम गेलेल्यांना आणि ज्यांच्या घरात कमावतं कोणी नाही त्यांना आधी जागा. बसपास मोफत, हत्यारं मोफत, चहासुद्धा मोफत. कोर्स बरेच, त्यातला एक लिफ्ट दुरुस्तीचा, पुढे नोकरीची हमी.

एवढं सगळं मोफत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण कुलपाच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकिंग टेबलावर बसून मी दुसरं काय केलं? दातच मोजले. कारखाना बंद पडला तो माझ्या टेबलामुळे नव्हे. माझ्या टेबलावरून वाईट कुलूप कधी पुढे गेलं नाही.

मला कोर्सची गरज नाही. वर्षभर मी सल्लागार आहे. अजून कोणी सल्ला मागितला नाही, पण बाजारातच मंदी आहे. तरी लिफ्ट हे जबाबदारीचं काम. तिथे माझ्यासारखा माणूस त्यांनाच हवा असणार.

मंगळवार, ५ मार्च

केंद्रावर जाऊन आलो. आत गेलो नाही. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून निरीक्षण केलं. माणसं आत जाताना उदास, बाहेर येताना हसतमुख. आत नक्की काय देतात?

शेवटी दारापर्यंत गेलो तर वॉचमनने हसून दार उघडलं. कुठल्या सरकारी ऑफिसचा वॉचमन हसतो? तिथूनच मागे फिरलो. हिला सांगितलं, ऑफिस बंद होतं. ही म्हणाली, मघाशी मी भाजी आणायला गेले तेव्हा तर उघडं होतं. बायकांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय असते.

बुधवार, ६ मार्च

रस्त्यात पॅकिंगवाला भेटला. आमच्याच कारखान्यात खोकी बांधायचा. म्हणाला, केंद्रात नाव घालतोय, साहेब तुम्ही काय म्हणता? त्याला बाजूला घेऊन समजावलं की घाई करू नकोस, आधी मी तपासतो, मग सांगतो. मान डोलावून गेला. भला माणूस आहे, पण फार भोळा.

गुरुवार, ७ मार्च

योजना ठरली.

चेकिंग टेबलावर प्रत्येक कुलपाला आम्ही दोन किल्ल्या लावायचो. एक त्याची स्वतःची, एक परकी. स्वतःच्या किल्लीने उघडलं पाहिजे, परकीने उघडता कामा नये. दोन्हींनी उघडलं की रिजेक्ट. या केंद्राचीही तशीच परीक्षा घ्यायची. मी जाऊन सगळी माहिती खोटी देणार. त्यांनी पकडलं तर ऑफिस खरं. नाही पकडलं तर बोगस.

आणि बरोबरची किल्ली म्हणून हिला पाठवायचं. तिने सगळं खरं सांगायचं. म्हणजे तुलना होईल.

हिला समजावलं. तिने पोळपाट बाजूला ठेवून विचारलं, अहो, सरळ जाऊन नाव का नाही घालत? मी म्हणालो, सरळ माणसंच फसतात. मग म्हणाली, बरं, मी खरं सांगून येते, मला तेवढंच जमतं. तिला कामाचं गांभीर्य कळलेलं नाही, पण तयार झाली.

सोमवार, ११ मार्च

ऑपरेशन सुरू.

काउन्सिलर मॅडम म्हणून एक बाई आहेत. बोलणं इतकं गोड की मी त्यांना मनातल्या मनात साखरबाई नाव दिलं. पाणी विचारलं, चहा विचारला, पंखा वाढवू का विचारलं. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

शिक्षण? चौथी. (खरं: डिप्लोमा.) आधीची नोकरी? कधीच केली नाही. साखरबाईंनी मान वर केली. मग इतकी वर्षं घर कसं चालतं? इथे मात्र माझा स्वाभिमान आडवा आला. म्हणालो, मी सल्लागार आहे, माझ्या कमाईवर घर उत्तम चालतं.

चौथी पास सल्लागार! पापणी न लववता टाइप केलं. परक्या किल्लीने कुलूप उघडलं. मी आतून हसत होतो.

निघताना म्हणाल्या, पुढच्या भेटीला कागदपत्रं आणा, प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. आणि तुमचा वैयक्तिक आराखडा करू. माझा आराखडा करणाऱ्या या कोण?

बुधवार, १३ मार्च

ही जाऊन आली. फार वेळ लागला. विचारलं, काय काय विचारलं? म्हणाली, सगळंच. तू काय सांगितलंस? म्हणाली, तुम्ही सांगितलं तसं, सगळं खरं.

चहा घेतलास? म्हणाली, दोन कप.

शिस्त नाही.

शुक्रवार, १५ मार्च

चाचणी परीक्षा. मोठा हॉल, लांब टेबलं. आमची दोघांची आज एकाच वेळी. ती पुढच्या रांगेत, मी मागे. एकमेकांना ओळख द्यायची नाही असं ठरलं होतं. तरी तिने मागे वळून माझं पेन चालतंय ना विचारलं.

मुद्दाम चुका करणं वाटतं तितकं सोपं नाही. एका खोक्यात बारा कुलपं, तर सात खोक्यांत किती? हात आपोआप चौऱ्याऐंशी लिहायला गेला. मनगट धरून चौऱ्याहत्तर लिहिलं. घाम फुटला. बावीस वर्षं चूक शोधणाऱ्या हाताला चूक करायला लावणं म्हणजे पाप आहे. नंतर उतारा मोठ्याने वाचायचा होता. मी बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर जोडत वाचला. परीक्षकाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, काका, लाजू नका, या वयात आलात हेच खूप. मला राग यायला हवा होता. पण अभिनय इतका जमला याचं समाधान जास्त होतं.

हिला मशीनची चित्रं दिली होती, कुठलं चाक कोणत्या बाजूला फिरेल वगैरे. वीस वर्षं घरचेच कपडे शिवत शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला चाकं काय कळणार. बिचारी.

मंगळवार, १९ मार्च

माझा निकाल. लिफ्ट कोर्ससाठी सध्या पात्र नाही. आधी पायाभूत वाचन-गणित वर्ग.

म्हणजे ऑफिसने काही पकडलंच नाही! पूर्ण बोगस. रिजेक्ट.

साखरबाई खूप वेळ समजावत होत्या. खचू नका म्हणाल्या, इथून पुष्कळ लोक पुढे गेलेत. सराव मुलाखतीचीही तारीख दिली. सराव मुलाखत म्हणजे खोटीच मुलाखत की! तोंडावर सांगतात आणि वर हसतात.

वर्गाला जायचं ठरवलं. आत शिरल्याशिवाय पाळंमुळं खणता येणार नाहीत.

गुरुवार, २१ मार्च

पायाभूत वर्ग. आम्ही नऊ जण. शेजारी एक भाजीवाल्या मावशी, त्यांना वजनं आणि हिशेब तोंडपाठ, पण अक्षर येत नाही. मास्तरांनी फळ्यावर वजाबाकी चुकवली. मी बोललो नाही. मावशींनीच सांगितलं. मास्तर म्हणाले, शाबास. तो शाबास खरं तर माझा होता.

घरी येऊन हिला म्हणालो, आत मोठा घोटाळा आहे. ती एका कागदावर दोऱ्या आणि चाकं काढत बसली होती. म्हणाली, हं.

हे ‘हं’ मला आवडलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

पॅकिंगवाला भेटला. हातात बसपास. म्हणाला, साहेब, तुमची वाट बघितली, पण तुमची तपासणी काही संपेना, मग खरं खरं सांगून टाकलं. फोर्कलिफ्टचा, म्हणजे गोदामात माल उचलायच्या गाडीचा, कोर्स मिळाला, सोमवारपासून.

मी अभिनंदन केलं. सावध राहा असंही सांगितलं. तो वळून हसला. तो वॉचमन हसला होता अगदी तसंच.

दुपारी ही डॉक्टरच्या इमारतीत लिफ्टसमोर अर्धा तास उभी होती असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं. आत कोणाला तरी भेटायला गेली असेल? तिचा निकाल काय लागला तेही तिने सांगितलेलं नाही. बरोबरची किल्ली फितूर तर झाली नाही?

सोमवार, २५ मार्च

फार विचार केला. लिफ्टच्या बॅचला एकच जागा उरलीय. फोर्कलिफ्ट पॅकिंगवाल्याला मिळते आणि मी अ, आ गिरवतो. तपासणी पुरे झाली. आता खरी ओळख द्यायची आणि जागा घ्यायची असं ठरवलं. साखरबाई थक्क होतील याची खात्री होती.

झाल्या नाहीत. मी म्हणालो, मी डिप्लोमा झालेला, बावीस वर्षं चेकिंगला होतो, कारखाना बंद पडून काम गेलेला माणूस आहे. त्यांनी पहिल्यांदा साखर बाजूला ठेवली. म्हणाल्या, काका, कोर्स मिळावा म्हणून पुष्कळ लोक असं सांगतात. चाचणीत तुम्ही चौऱ्याहत्तर लिहिलंत. पुरावा आहे?

डिप्लोमाचा कागद आहे. कारखान्याचा नाही. बंद पडला तेव्हा सगळ्यांनी सही करून कामावरून कमी केल्याचं पत्र घेतलं होतं. मी घेतलं नव्हतं. सही केली म्हणजे मान्य केलं, असं मी तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. मॅनेजर कुठे गेला कोणाला माहीत नाही. चौकशी करून खातरजमा करतो म्हणाल्या, दोन महिने लागतील. बॅच ३ तारखेला सुरू.

हात दाखवून अवलक्षण. पण दोष पद्धतीचा आहे, माझा नाही. एवढा सरळ माणूस समोर बसला असताना त्यांना ओळखता येऊ नये!

बुधवार, २७ मार्च

शेवटची जागा गेली. हिला.

तीन ओळी कोऱ्या सोडून मग हे लिहितोय.

चाकांच्या चित्रांत ती सगळ्यात पुढे आली. म्हणे, मशीनचा पट्टा कुठे ताणायचा आणि कुठे सैल सोडायचा हे हाताला कळतं. मी विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्हाला आनंद होईल की नाही ते कळत नव्हतं.

मी म्हणालो, झालाच की. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

गुरुवार, २८ मार्च

कानामागून आली आणि तिखट झाली.

हे वाक्य लिहिल्यावर वाईट वाटलं. ती सकाळी उठून माझा डबा करून देते. मी तो डबा घेऊन रोज सल्लागार म्हणून बागेत जाऊन बसतो आणि दुपारी रिकामा परत आणतो. वर्षभर तिने एकदाही विचारलं नाही, आज कोण भेटलं म्हणून.

खोडत नाही. पण तिखट झाली ते बरंच झालं असंही लिहून ठेवतो.

सोमवार, १ एप्रिल

केंद्रातून फोन. हिच्या जागेत अडचण. एकाच पत्त्यावर दोन नोंदी आहेत आणि दोन्ही जुळत नाहीत. ही म्हणते, घरात कमावतं कोणी नाही. नवऱ्याच्या नोंदीत अजून आहे, माझ्या कमाईवर घर उत्तम चालतं. तिला जागा मिळाली ती पहिल्या वाक्यावर. माझं वाक्य खरं असेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. उद्या दोघांनी येऊन सांगायचं.

जेवताना मी म्हणालो, तशी माझी सल्लागारी अगदीच बंद आहे असं म्हणता येणार नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. ही म्हणाली, तुम्हाला जे खरं वाटतं ते सांगा. मी नाराज होणार नाही. मग ताटं उचलताना हळूच म्हणाली, पण मला ते काम करायचंय हो.

इतक्या वर्षांत तिने मला काही मागितलेलं आठवत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

गेलो. वॉचमनने दार उघडलं. साखरबाईंनी दोघांना समोर बसवलं. ही आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

काय सांगायचं त्याची पूर्ण तयारी केली होती. म्हणजे सल्लागारी हा शब्द व्यापक आहे, कमाई अनेक प्रकारची असते, वगैरे. साखरबाईंनी एवढंच विचारलं की काका, आज घर तुमच्या कमाईवर चालतं का?

मी म्हणालो, नाही.

वर्ष झालं, म्हणालो. जे शिल्लक होतं त्यावर चाललंय. मी कमवत नाही. आवाज फार मोठा आला, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.

साखरबाईंनी मान हलवली आणि टाइप केलं. हिला म्हणाल्या, उद्या सकाळी लवकर या. याआधी माझा शाळेचा दाखला मागितला, डिप्लोमा मागितला, कारखान्याचं पत्र मागितलं, घराचा पत्ता खरा आहे याचाही कागद मागितला होता या बाईंनी. आज मी सांगितलं त्याला मात्र त्यांनी काही पुरावा मागितला नाही.