पडलो तर खरं कारण लिहावं

मी, संघपाल अप्पाराव खरात, वय सत्तावीस, शिक्षण सातवी (आठवीत गेल्तो, बसलो न्हाई), राहणार बदनापूर, जिल्हा जालना, हल्ली मुक्काम कच्छ, काम पवनचक्की दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकात न येता लिहून ठेवतो. तब्येत उत्तम आहे. आईनं फोनवर विचारलं, "मरायला लागलास का रे?" तर न्हाई. सोमवारपासून आमच्या साइट इन्चार्ज संध्या मॅडम दुसरीकडं जाऊ राह्यल्या आणि गँगचा मुकादम मी होऊ राह्यलो, म्हणून लिहितो.

१. बदनापूर स्टेशनामागचा प्लॉट माझ्या कमाईचा आहे. तो माझ्या मागं आई बेबीनंदा हिचा. तिनं विकावा, बांधावा, भेंड्या लावाव्यात, कुणी तोंड घालू नये. बँकेत जे असेल तेही तिचंच.

२. मोटारसायकल बहीण ज्योत्स्ना हिला. ती नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे आणि रोज रेल्वेची वाट बघती. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिचंच, कारण आमच्या घरात आधी वाचून मंग सही करणारी तीच एक. माझा जोडीदार गोरक्षनाथ याचा मोटारसायकलीवर डोळा होता, पण त्याला साक्षीदार केलं आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. "ही तर बिलकुल फसवणूक झाली," म्हणाला.

३. याआधी मी पाच कामं सोडली. नातेवाईक म्हणतात, पोरगं एका जागी टिकत न्हाई. त्यांच्यासाठी हे कलम. पाचवं काम टॉवर उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडं होतं. तिथला साहेब खालून ओरडायचा, "जल्दी करा, सेफ्टीचा पट्टा वर गेल्यावर बांधा." तीर्थपुरीचा भुजंग तसाच चढला आणि पडून मेला. साहेबानं कागद तयार केला: मयताने सांगूनही पट्टा बांधला नाही. त्यावर माझी सही मागितली. मी न्हाई केली, गावाकडं निघून आलो. भुजंगची आई आसराबाई अजून लोकांकडून ऐकून घेती की पोरगं निष्काळजी होतं. त्या साहेबाला माझ्या मातीला येऊ देऊ नये. आलाच तर चहा पाजावा आणि आसराबाईचं घर दाखवून द्यावं.

४. इथं चार वर्षं टिकलो, त्याचंही कारण आहे. इथं चढायच्या आधी प्रत्येकाचा पट्टा दुसऱ्यानं ओढून बघायचा, आणि मॅडमचा पट्टा सगळ्यात नव्या माणसानं. पहिल्या दिवशी मी लाजत हात लावला. मॅडम म्हणाल्या, "जोरात ओढ रे. पडले तर उचलायला तुलाच यावं लागंल." ओढला, तर बक्कल निसटलं. मला वाटलं, गेलं हे पण काम. मॅडमनी पट्टा काढून ठेवला, काम थांबवलं, क्रेन दिवसभर उभी राह्यली. ऑफिसचा फोन आला तेव्हा सगळ्यांसमोर बोलल्या, "पट्टा माझा, मीच नीट बघितला नव्हता. पोरानं बराबर केलं." या गँगमध्ये वरून कुणाचा पाना सुटला तर तोच आधी ओरडतो, "माझा!" लपवायची कुणाला गरजच पडत न्हाई.

५. म्हणून माझी मुख्य इच्छा. मी पडलो तर खरं कारण लिहावं. चूक माझी असेल तर माझी लिहावी, आईनं त्याचं वाईट वाटून घेऊ नये. कंपनीची असेल तर तयार करून आणलेल्या कागदावर ज्योत्स्नानं सही करू नये, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि मुकादम म्हणून मीच कधी "जल्दी करा" म्हणालो न् गँगमधलं कुणी पडलं, तर चूक संघपालची होती, हे त्याच्या घरी जाऊन मी सांगणार. मी नसलो तर ज्योत्स्नानं जावं आणि हे कलम वाचून दाखवावं.

मॅडमनी हे ऐकलं. म्हणाल्या, "काम हाती यायच्या आधीच कबुली लिहिणारा मुकादम पहिल्यांदा बघितला."

मी म्हणलो, "मॅडम, नंतर लिहायला हात वळत न्हाई."

६. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा. भाषणाला पुढारी बोलावू नये, जेवण गार होतं.

हे सगळं मी स्वतः लिहिलं, दोघांना वाचून दाखवलं आणि दोघांदेखत सही केली.

ठिकाण: नखत्राणा, जि. कच्छ
तारीख: ८ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: संघपाल अप्पाराव खरात (सही)

साक्षीदार: १. गोरक्षनाथ मदने (सही)
२. संध्या देशमाने (सही)

मॅडमनी सहीखाली स्वतःच्या हातानं लिहिलेलं: "कलम पाच मलाही लागू. याची एक प्रत माझ्या घरी ठेवावी."