सतरा नंबरची पट्टी

प्रिय प्रितम,

बाबांना आत घेऊन तासभर झाला. डायलिसिसचं मशीन अजून तीन तास चालेल. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. मघापासून दोनदा उठले, बाटली भरून आणली, प्यायले मात्र नाही. फोनवर सांगायला गेले की तू मधेच ‘ताई, तू आहेस म्हणून बरं’ म्हणतोस आणि मी विषय बदलते.

आमच्या पनवेलच्या लॅबमधली पट्टी तुला ठाऊक आहे. सोन्याचे कण आम्ही इतके बारीक करतो की ते पिवळे राहत नाहीत, लाल दिसतात. किडनीला इजा होऊ लागली की लघवीत एक प्रथिन वाढतं. ते या कणांना धरून ठेवतं आणि पट्टीवर लाल रेघ उमटते. इजा जास्त, तर रेघ गडद. फेब्रुवारीत आम्हाला चाळीस निरोगी माणसांचे नमुने हवे होते. बाबा उरणहून हौसेनं आले. “सोना लाल कसा झाला गो?” असं दिवसभर विचारत राहिले. गुडघेदुखीसाठी रोज घ्यायचे त्या वेदनाशामक गोळ्या सोडल्या तर त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचा नंबर सतरा.

सतराची रेघ गडद आली. दुसरी पट्टी लावली, तीही तशीच. माझे वरिष्ठ सत्यजीत सर परगावी होते, अहवाल दोन दिवसांवर आला होता. निरोगी माणसात असा निकाल म्हणजे पट्टीच खोटी, असं सगळे म्हणाले असते. मी वहीत ‘पट्टी सदोष’ लिहिलं आणि सतरा नंबर खोडला. जेवताना बाबांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, सगळं छान आहे. ते खुशीत उरणला आपल्या होडीवर परतले आणि गोळ्या खात राहिले. जुलैत त्यांचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आला असतात तर किडनी खराब करणाऱ्या त्या गोळ्या तेव्हाच बंद केल्या असत्या.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहवाल मागे घ्यायचा, सतरा नंबर पुन्हा नोंदवायचा. माझ्या नोकरीचं अजून ठरलेलं नाही. पट्टी बरोबर होती, प्रितम.

काल बाबांनाही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “जेवलीस का?” तू शनिवारी जहाजावरून उतरून थेट इथे येणार, माझे हात धरून आभार मानणार. ते मला सोसायचं नाही, म्हणून या कागदांचे फोटो काढून आत्ताच पाठवतेय. खरं तर बाबांनाच म्हटलं होतं, प्रितमला तुम्ही सांगा. ते म्हणाले, “तूच सांग. मी सांगला त तुजीच बाजू घेन.”

तुझीच, पण तू समजत होतास तशी नसलेली ताई,
निशा