वाहक

१२ जाने. ९८
गौरीला आज रक्ताची सातवी बाटली. तीन वर्षांचं पोर, आता सुई बघून रडतसुद्धा नाही. डॉ. म्हणाले, थॅलेसेमिया. आयुष्यभर रक्त द्यावं लागणार. "तुम्ही दोघंही वाहक आहात, म्हणून मुलीला हा आजार. नवराबायको नात्यातले, रक्त एकच." हे फरशीकडे बघत बसले.
घरी सासूबाईंना सांगितलं. सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. म्हणाल्या, "वाहक? म्हंजे एस्टीचा कंडक्टर न्हवं?" कोणी हसलं नाही.

१६ जाने.
आत्या शेजारणीला सांगत होती, "सुनंच्या रक्तात दोष हाय." हे पेपर वाचत होते. ह्यांचा रिपोर्ट माझ्यासारखाच. पान उलटलं फक्त.
मला काहीच झालेलं नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. मी नुसतं वाहून आणलं आणि लेकीच्या...

१ फेब्रु.
माहेरी कागलला गेलते. धाकट्या बहिणीचं, शैलाचं, माझ्या दिराशी, महेशशी, ठरलं. वैशाखातली तारीख. वडलांना, दादांना, म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. दादा ओरडले, "रगात तपासून लगीन कोण करतंय व्हय? आपल्याच बहिणीचं घर हाय!"
तेच तर सांगतेय.

९ फेब्रु.
ब्लाऊजपीस घ्यायचं सांगून शैलाला राजारामपुरीतल्या लॅबमध्ये नेलं. रक्त तपासायला दिलं. "ताई, मला काय हुईल?" तुला नाही गं. तुला काहीच होणार नाही.

१४ फेब्रु.
शैला वाहक.
"म्हंजे मी आजारी न्हाय?" हसली. मग गौरीचा सुयांनी काळानिळा झालेला हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. "आणि महेशचं?"

१५ फेब्रु.
महेशला सांगितलं. "वहिनी, तालमीत रोज पाचशे जोर मारतोय मी. माझ्यात काय खोट असणार?"
जोर मारून हे कळत नाही, भावजी. तपासा फक्त. पाया पडते.
उठून गेला.

२२ फेब्रु.
पत्रिका छापून आल्या. आत्यानं कुंकू लावायला मलाच बसवलं. म्हटलं, मी लावणार नाही.
"बहिणीचं सुख बघवत न्हाय हिला! सोताचं पोर तसलं निघालं म्हणून..."
तेव्हा हे उठले. "आई, गप. माझाबी रिपोर्ट तसलाच हाय. ते तुझ्याकडनंच आलंय माझ्यात."
आत्यानं कुंकवाची वाटी बाजूला ठेवली. एकदम म्हातारी दिसली. मला वाईट वाटलं, वाटायला नको होतं.
महेश दारात उभा होता, सगळं ऐकलं. चपला घातल्या, ह्यांची स्कूटर काढली.
तालमीकडं गेला की राजारामपुरीतल्या लॅबकडं, कळलं नाही. दोन तास झाले. अजून आला नाही.