पायथ्याच्या पट्टीतली माती कोणाची, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, शिक्षण अर्धवट, धंदा कालपर्यंत काही नाही आणि उद्यापासून मालवाहू बोटीवर स्वयंपाक्याची मदतनीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणी डोक्यावर बसलेलं नसताना हे लिहून ठेवते. पायाला चाक लागल्यासारखी फिरते म्हणून सगळे मला भिंगरी म्हणतात, कागदावरही तेच चालावं. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी आज वार कोणता ते विचारलं, मी सांगितला, आणि तो बरोबर आहे का हे त्यांनी मोबाइलवर बघितलं.

चोविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असं वहिनीने विचारलं. उतारावरच्या आमच्या मंडळाचा तसा नियम आहे. जमीन ठेवून लांब जाणाऱ्याने आधी लिहून द्यायचं. मी तशीच सटकले असते, पण उतारावरची सगळ्यात वरची शेजारीण, जिला सगळे वरची काकू म्हणतात, ती बसथांब्यावर येऊन माझ्या बॅगेवर बसली.

कलम १. जमीन. उताराच्या अगदी पायथ्याची पट्टी मला मामाकडून आली. मलाच का, तर उतारावर भांडण पेटलं तेव्हा मी एका फिरत्या तंबूतल्या सिनेमाची तिकिटं फाडत परगावी होते, त्यामुळे कोणाचीच बाजू घेतली नव्हती. (त्या तंबूत माझी एक चादर राहिली आहे. ज्याला सापडेल त्याची.)

भांडण मातीचं. दर पावसात वरच्या शेतांतली माती वाहत खाली येते आणि आमच्या पट्टीत बसते. काकूच्या रानात नुसते गोटे उरले आणि मामाच्या पट्टीत खड्डा खणला तर माणूस उभा मावेल एवढी काळी माती. मामा म्हणायचा, "ती आपल्या पायाने आली. मी आणायला गेलो नव्हतो." काकू म्हणायची, "मग सांगा तिला परत जायला." दोघं एकमेकांशी बोलायचे ते एवढंच, पण रोज.

मामा गेल्यावर मी काकूला दोन बादल्या माती दिली. मोठं मन वगैरे काही नाही, ती पहाटे दारात येऊन उभी राहायची आणि मला झोपायचं असायचं. मग तिच्या खालच्या शेजाऱ्याला हवी झाली, मग त्याच्या खालच्याला. त्यातून हे मंडळ झालं. आता उन्हाळ्यात सगळ्या घरांची माणसं उतारावर रांग करतात आणि बादल्या हातोहात वर जातात. गेलेली माती पुन्हा पळून येऊ नये म्हणून बांधांवर दाट गवत लावलं आहे आणि नांगरट सगळ्यांनी आडवी करायची असं ठरलं आहे. काकूच्या गोट्यांत यंदा वाटाणा आला. मामा असता तर त्याच्या तोंडावर मारला असता, असं म्हणाली आणि रडली.

कलम २. मी न लिहिता गेले तर पट्टी माझ्या सख्ख्या भावाला, म्हणजे दादाला, जाते. दादाने ती माती वीटभट्टीवाल्यांना द्यायचं कबूल केलं आहे. ते टेप लावून खोलीही मोजून गेले. एकदा माती भट्टीत गेली की वर न्यायला काही उरत नाही, विटा काही काकूच्या रानात पेरता येत नाहीत, हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू असतेस कुठे पेरायला? तुझं भांडणसुद्धा आम्हीच सांभाळतो." यात खोटं काही नाही, म्हणून नोंदवते.

तरीही पट्टी मी मंडळाला देते. सगळ्या घरांची मिळून, तुकडे न पाडता. तिथली माती उतारावर वर जाईल, बाकी कुठेही नाही. रांगेत जो मोबाइल बघत उभा राहील त्याला चहा देऊ नये.

कलम ३. तीन काठ्यांची माझी चौकट, जिच्या मधोमध दोरीला दगड लटकतो आणि जिने उतारावर सम पातळीची रेघ आखता येते, ती उतारावरच्याच सरळेकाकांना द्यावी. ते अजून वरून खाली उभी नांगरट करतात, कारण रस्त्यावरून ती छान दिसते. म्हणूनच पट्टीतली निम्मी माती त्यांच्या रानातून आलेली आहे. चौकट त्यांच्या खाटेशेजारी ठेवावी, म्हणजे उठल्याउठल्या दिसेल.

कलम ४. बँकेत जे काही सापडेल त्याच्या बादल्या घ्याव्यात, लोखंडी कडीच्या. प्लॅस्टिकच्या कडीने माझं नख गेलं आणि दुकानदार म्हणाला, नख आमच्या गॅरंटीत येत नाही. त्या दुकानातून घेऊ नयेत.

कलम ५. साक्षीदार. दस्तलेखक म्हणाले, साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला यातून काही मिळतं त्याची साक्ष नको. म्हणजे अख्खा उतार बाद. उरला दादा, ज्याला मी काहीच ठेवलेलं नाही. आणि त्याने एकदा साक्ष दिली की पुढे तक्रार करायला त्याला तोंड राहत नाही, हे दस्तलेखकांनी मला हळूच सांगितलं आणि दादाला मोठ्याने. त्यामुळे फसवून सही घेतली असं कोणी म्हणू नये. आत्ता झालेलं बोलणं तसंच्या तसं लिहिते.

दादाने कागद वाचला, मग वहिनीला वाचून दाखवला. म्हणाला, "आण पेन. तू धडधाकट परत येणार, मग या कागदाचं काय लोणचं घालायचंय?"

मी म्हटलं, "परत आले तरी भट्टीला माती देणार नाही."

पेन हवेत राहिलं. "म्हणजे तू मेलीस तरी माती गेली, आणि जगलीस तरी गेली."

"हो."

"मग जगूनच ये," दादा म्हणाला, आणि कागद ओढून घेतला.

एवढ्यात वीटभट्टीवाले पुन्हा टेप घेऊन दारात आले. दादाने त्यांनाही बसवलं. मी एकट्यानेच का सही करायची, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यांनी आपलं नाव कुठे आलं नाही ना एवढं विचारून घेतलं.

ठिकाण : दादाचं स्वयंपाकघर, पोळपाट बाजूला सरकवून
दिनांक : नऊ मे, बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी

लिहून ठेवणार : भिंगरी

साक्षीदार १ : दादा (सही केली आहे. पटलेलं नाही.)
साक्षीदार २ : वीटभट्टीवाले (माती बघायला आलो होतो.)