एबेल थर्लोला नाव हवंय

३ मे १९०९
पोहोचलो! कुत्री दमली, मी नाही. गोऱ्या खलाशांनी साठ वर्षांपूर्वी सोडलेली लाकडी खोली आता माझी. सध्या राहायचं, पुढे मोडून तिच्या घसरगाड्या करायच्या. असलं लाकूड इथे, बर्फाच्या मुलखात, जन्मात दिसत नाही.

माझ्या बायकोचे, उलायुकचे, दिवस भरलेत. बाळंतपणाला तिची आत्या कौनाक आलीय. खोली बघून म्हणाली, जावईबापू, घर झकास, शेजार तेवढा वाईट. शेजार म्हणजे मागच्या चार कबरी. गोऱ्यांच्या व्हेल मारणाऱ्या जहाजांवर भांडी घासत त्यांची भाषा वाचायला शिकलो, त्याची मिजास! कबरींवरच्या पाट्या उलायुकला मोठ्यानं वाचून दाखवल्या. शेवटची एबेल थर्लोची. आत्यानं पाठीत धपाटाच घातला. पोटुशीपुढे मेल्याचं नाव घेतलं की तो त्या मुलात परततो, हे कुत्र्यालाही कळतं, तुझ्या जहाजावर नाही का शिकवलं, म्हणाली.

९ मे
भर दुपारी, लख्ख उन्हात, बर्फावर पावलं वाजली. माझे कान तिखट. एकच माणूस, जड बुटांचा. कुत्री भुंकली नाहीत, पोटावर पडून राहिली. बाहेर बघितलं. शेवटच्या कबरीकडून दारापर्यंत ठसे. परतीचे नाहीत.

१२ मे
उलायुक झोपेत गोऱ्यांच्या भाषेत बोलली. तिला त्यातला शब्द येत नाही. म्हणत होती, थंडी वाजतेय, आत घ्या.

आत्या म्हणते, बिचाऱ्या थर्लोचं नाव कुणीच मुलाला ठेवलं नाही, तू ठेव. दया मलाही येते. मांस देईन, चहा देईन. मूल नाही. हिवाळ्यात माझी आई तागालिक गेली. ती जागा तिची. मुलगा होवो की मुलगी, मी त्याला आईच म्हणणार. मग भांड त्या थर्लोशी, आत्या म्हणाली, आणि घसा फोडून भांड.

१६ मे
कळा सुरू. आत्या एकेक नाव घेतेय; आपलं नाव ऐकलं की मूल बाहेर येतं. तागालिक म्हटल्यावर हललं — थांबलं.

भिंतीपलीकडे पुरुषाचा आवाज. स्वतःचंच नाव घेतोय. सावकाश. मी त्याच्यावर ओरडतोय — तागालिक! तागालिक!

मूल रडलं. मुलगी. कोणत्या नावावर आली, आत्या विचारते. मी आणि तो, दोघं एकदमच नाव घेत होतो —

उचललं. आई, अशी हाक मारली.

दाराबाहेरून ओ आली. आईचाच आवाज —

म्हणजे आत, पोरीत, तो —

असू दे. एका पोरीला दोन नावं चालतात. दोघं मावतील, नाही मावले तर मावून घेतील. माझी आई थंडीत उभी राहणार नाही. आत्या दंडाला लोंबकळतेय, दार उघडू नको म्हणतेय, तो थर्लोच तिचा आवाज काढतोय —